पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून झाल्यावर दवाखान्यातल्या नर्सने तिला दंडाला धरून भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं आणि दम भरला, "आता अर्धा तास डोळे मिटून बसायचं हं, मावशी. मध्येच किलकिले करून बघायचं नाही." मावशी म्हटल्याचं तिला वाईट वाटलं नाही. बावन्न वर्षांच्या बाईला मावशी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तिने शहाण्यासारखे डोळे मिटले. आधी थोडं चुरचुरलं, मग पापण्यांच्या आत केशरी उजेड पसरला आणि हळूहळू सगळा दवाखाना त्या उजेडात विरघळून गेला. उरले ते नुसते आवाज. पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. पलीकडच्या खुर्चीतला म्हातारा दर थोड्या वेळाने खाकरून, आपल्याशी कुणी बोलतंय का याची वाट बघत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होता. दुपारचे अडीच वाजले असावेत. तिला फार बरं वाटत होतं. काहीही न करता नुसतं बसा, असं तिला कित्येक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग पर्समधला फोन वाजला. तिचा फोन जुना, बटणांचा; ऑफिसात त्यावरून तिची टिंगल चालायची. तिने तो चाचपून काढला, अंगठ्याने बटण शोधलं आणि कानाला लावला. पलीकडून एक बाई बोलू लागली. "नमस्कार. कृपया लक्ष द्या. नदीच्या पाण्याची पातळी वाढत आहे. सुमारे दोन तासांत आपल्या परिसरात पाणी येण्याची शक्यता आहे. कृपया जनावरांची दावी सोडा. कृपया कुटुंबासह जवळच्या उंच जागी जा. घाबरून जाऊ नका." बाईचा आवाज मऊ होता, बिनघाईचा, तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून बोलावं तसा. ती ऐकत राहिली. तिचे खांदे सैल झाले. सकाळपासून मान दुखत होती, ती दुखायची थांबली. "पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा," बाई म्हणाली, आणि तिच्या अंगठ्याने आपणहून वरच्या ओळीतलं डावीकडचं बटण शोधलं आणि दाबलं.

दुसऱ्यांदा 'नमस्कार' आलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ही बाई म्हणजे आपणच.

यात गूढ असं काही नव्हतं. फोनचं यंत्र चालतंय की नाही ते बघायला ऑफिसातला रेकॉर्डिंगवाला पंधरावीस नंबरांवर जुना निरोप सोडायचा, आणि त्या यादीत तिचाही नंबर होता. आज साडेपाचला नदीकाठच्या सगळ्या गावांमध्ये पुराचा सराव होता. वरच्या धरणात पाणी काठोकाठ आलं होतं. आठवडाभरात दारं उघडावी लागतील असं सगळे म्हणत होते, म्हणून त्याआधी एकदा सगळ्यांना फोन करून बघायचं ठरलं होतं. त्यासाठी तिने साडेतीनला पोचून नवा निरोप बोलून द्यायचा होता. निरोप तोच, फक्त सुरुवातीला 'हा सराव आहे' एवढं जोडायचं. हे सगळं तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की हा निरोप ऐकल्यावर माणूस काय करतं. अठरा वर्षं ती असले निरोप बोलत आली होती. ऐकला कधी नव्हता. म्हणजे श्वास कुठे लागला, शब्द कुठे चिकटला, हे तपासायला शंभरदा ऐकला होता. पण असा डोळे मिटून, खुर्चीत बसून, हा आपल्यालाच आलाय असं समजून नाही. आणि ऐकून तिने केलं काय? पाणी येतंय, उठा, वर जा, असं एक बाई जीव तोडून, छे, जीव कुठला तोडतेय, छान सावकाश सांगत होती, आणि ही आणखी रेलून बसली होती. वर पुन्हा सांगा म्हणाली होती. डोळे उघडावेत असं तिला फार वाटलं, पण नर्सने बजावलं होतं, आणि सांगितलेलं ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती.

"आम्ही तीनदा ऐकलं," पुरात सापडलेल्या गावातली एक बाई तिला म्हणाली होती. केशरी उजेडात आता त्या बाईचं घर उभं राहिलं. मागच्या पुरानंतर दोन महिन्यांनी पाहणीला गेले होते सगळे. किती विहिरी उपसून झाल्या, बियाणं कुणाकुणाला पोचलं, गोठ्यांवर पत्रे पडले की नाही, हे बघायला. एरवी तिला कुणी बाहेर नेत नसे. या खेपेला साहेब म्हणाले, "चला बाई, लोकांना तुमचा चेहराही बघू दे." घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती, सगळीकडे एकाच उंचीला. भिजून कुजलेल्या धान्याचा आंबूस वास अजून कोपऱ्यांतून येत होता, त्यावर चुन्याचा. त्या बाईने तिला बसायला खुर्ची दिली. खुर्चीचे पाय पाण्याने फुगलेले होते आणि ती जरा डुगडुगत होती. "तुम्हीच का त्या फोनवाल्या?" बाईने विचारलं. तिचा चेहरा अगदी उजळला. "किती गोड बोलता हो! आम्ही तीनदा ऐकलं. हे म्हणाले, परत लाव गं, जरा मोठ्याने लाव. शेजारणीला बोलावून ऐकवलं. इतकं निवांत सांगत होतात तुम्ही, म्हटलं, वेळ आहे. मग यांनी बियाण्याची पोती माळ्यावर चढवायला घेतली. तीन चढवली. चौथ्यासाठी खाली उतरले." एवढं बोलून ती थांबली, कारण पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. मग दाराकडे हात करून म्हणाली, "ती तीन कोरडी राहिली बघा. तीच पेरली आम्ही." दाराबाहेर वीतभर उंचीचं पीक उभं होतं, नुकतंच अंग धरलेलं, वाऱ्यावर हलणारं. त्या बाईच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने त्या बाईचा हात हातात घेतला आणि आपल्या त्याच आवाजात म्हणाली, "काळजी घ्या हं." बाई म्हणाली, "ऐकत राहावंसं वाटतं."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? ऑफिसात त्याच आठवड्यात साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत आकडा लिहून ठेवला होता: एक दाबणारे चोपन्न टक्के. निम्म्याहून जास्त लोकांनी निरोप पुन्हा ऐकला होता. "याला म्हणतात पोचणं," साहेब म्हणाले होते, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तीही लाजली होती, कौतुक कुणाला नको असतं? साहेब तसे भले गृहस्थ. मागे एकदा कुणीतरी भोंगा वाजवला आणि पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हापासून त्यांनी 'लोक घाबरता कामा नयेत' हा धडा घेतला होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. तिनेही स्वतःची समजूत घातली होती. निरोपात दोन तास म्हटलं होतं, पाणी दोन तास दहा मिनिटांनी आलं. यात माझा काय दोष? मी खरं तेच सांगितलं. ही समजूत तिने इतक्या वेळा घातली होती की आताशा ती आपोआप बसायची. आज तिच्या अंगठ्याने ती मोडली.

"उघडा आता," नर्स म्हणाली. डॉक्टरांनी झगझगीत दिवा डोळ्यांत मारून आतलं काय ते बघितलं, चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही, फक्त संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नाही. "वाचायला जाऊ नका. प्रयत्न केलात तरी जमणार नाही." ती काळा चष्मा लावून खाली उतरली. रस्ता होता आणि नव्हताही. उन्हाचा नुसता पूर लोटला होता, त्यात गाड्या तरंगत आल्यासारख्या येत होत्या आणि कडा नसलेली माणसं तिच्या अंगावरून सरकत होती. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं विरघळून ओघळली होती. रोजचा पायाखालचा रस्ता, पण ती लहान मुलीसारखी भिंतीला हात लावत चालली. तिला वाटलं, असंच दिसलं होतं ते. त्या दिवशीही असाच उजेड होता, डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता.

ती सात वर्षांची होती, दादा अकराचा. पाऊस कुठेतरी लांब वर पडला होता, इथे खणखणीत ऊन. ती नदीकाठच्या गवतात वासराला दाव्याला धरून चारत होती. तपकिरी वासरू, एक कान तेवढा पांढरा. त्याला तिनेच शिकवलं होतं, दावं खाली पडलं की जागेवर उभं राहायचं. ते शिकवायला तिला आख्खा महिना लागला होता आणि आल्यागेल्याला ती ते करून दाखवायची. आई वर बांधावर होती. आईचा आवाज म्हणजे काय सांगावं! ती अंगणातून हाक मारायची आणि दादा नदीपलीकडून ओ द्यायचा. बायका म्हणायच्या, हिला निरोप पाठवायला माणूस लागत नाही. तिला त्या आवाजाची लाज वाटायची. त्या दिवशी बांधावरून तो आवाज आला. "हातातलं टाक!" एवढंच. पाणी आलं, पळ, वर ये, असलं काहीच नाही. हातातलं टाक. आणि तिच्या हाताने ऐकलं. तिने ऐकायच्या आधी तिच्या हाताने ऐकलं, दावं सुटलं आणि पाय पळत सुटले, आणि बांधावर चढून तिने मागे बघितलं तेव्हा वासरू जागच्या जागी उभं होतं, दावं खाली पडलेलं, तिच्याकडे बघत, शिकवल्याप्रमाणे. मग तिथे वासरू नव्हतं. गवतही नव्हतं. तपकिरी पाणी सावकाश, काही घाई नसल्यासारखं वाहत होतं.

ती कित्येक दिवस आईशी बोलली नाही. आईचाही आवाज त्या वर्षीपासून बसला तो बसलाच; भिजून बसला म्हणायचे घरात. घोगरा, खरवडल्यासारखा, पाच पावलांवर न पोचणारा. आई मरेपर्यंत तशीच बोलली. तिने तेव्हा मनाशी गाठ मारली होती की आईने नीट हाक मारली असती, प्रेमाने, 'बाळा, वासराला घेऊन वर ये' असं म्हटलं असतं, तर तिने वासराला आणलं असतं. ओरडून सगळं बिघडलं. म्हणून मग ती ओरडेनाशीच झाली. इतकं हळू बोलायची की दादाने तिचं नावच पाडलं, पुटपुट. आणि त्या पुटपुटण्यातून पुढे तो मऊ आवाज झाला. शाळेत बाई तिलाच वाचायला उभं करायच्या. मग शहर, मग नोकरी, आणि शेतकऱ्यांना फवारणी कधी करा, कापणी कधी करा, आणि पाणी आलं तर कृपया काय करा. पंचेचाळीस वर्षं एका वासरासाठी ती गोड बोलत आली होती. हे तिच्या आज, भिंतीला हात लावून चालताना लक्षात आलं, आणि तिला थांबावं लागलं. तिने मनातल्या मनात गवतापासून बांधापर्यंतची पावलं मोजली. पन्नास-साठ असतील. आईने गोड हाक मारली असती तर तिने काय केलं असतं? तिने आपलं तोंड वर करून विचारलं असतं, "काय?" आणि आईने पुन्हा सांगितलं असतं. तेवढाच वेळ होता. पुन्हा ऐकण्याएवढा.

कोपऱ्यावरच्या बाकावर बसून तिने दादाला फोन लावला. हे तिला बटणं न बघता जमायचं. दादा अजून तिथेच होता, नदीच्या वळणावर, त्याच घरात, दोन गाई, एक म्हैस आणि स्वतःचा हट्ट घेऊन. वहिनी गेल्यापासून एकटाच. मागच्या पुरात शेजाऱ्याने दार बडवलं नसतं तर तोही राहिला नसता.

"काय पुटपुट, आज कामाच्या वेळी?"

"दादा, वरून पाणी सोडणार आहेत म्हणतात. जनावरं वर नेऊन ठेव की आतापासून."

"सोडतील तेव्हा तुझा फोन येईलच ना! आला की बघू."

"आला की उठशील?"

"उठेन की! उठायला काय..." तो हसला. "खरं सांगू? तुझा आवाज आला ना, की बरं वाटतं गं. घरात माणूस आल्यासारखं वाटतं. मी तर दोनदा ऐकतो. मागच्या खेपेला ऐकता ऐकता डोळा लागला माझा."

"दादा!"

"अगं, चिडतेस काय? तुझी तारीफ करतोय."

तिने फोन बंद केला. समोर उन्हाचा पांढरा लोंढा वाहत होता आणि त्यात एक माणूस गुडघ्यापर्यंत बुडून सायकल ढकलत होता. तिला दादाचा राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती, थंडगार. त्याला मारणारं पाणी अजून यायचं होतं. झोपवणारा आवाज मात्र तिच्याच गळ्यात होता.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक कोंदट खण, भिंतींना गाद्या मारलेल्या, मध्ये टेबल, माईक आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. तो चाळिशीचा, जाडजूड, सदानकदा काहीतरी चघळणारा माणूस; दोघांचं चांगलं जमायचं. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने चष्मा काढला, कागद जवळ धरला, लांब धरला. पांढऱ्यावर काळ्या मुंग्या वळवळत होत्या. "मला दिसत नाहीये," ती म्हणाली. तो म्हणाला, "अहो बाई, तुम्हाला तर पाठ असेल." पाठ होतंच. पण कागदाशिवाय ती कधी बोलली नव्हती. "थांबा, मी एकेक ओळ सांगतो, तुम्ही म्हणा." तो काचेपलीकडून कानात ओळी सांगत गेला आणि ती म्हणत गेली. हा सराव आहे. नमस्कार. कृपया लक्ष द्या. प्रत्येक 'कृपया'गणिक तिला फुगलेल्या पायांची खुर्ची डुगडुगल्यासारखी वाटत होती. "मस्त," तो म्हणाला. "एका दमात झालं. ऐकायचंय?"

तिचा अंगठा टेबलावर हलला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"काय?"

"पुसून टाक म्हणते ना! आणि परत चालू कर. काही सांगू नकोस मला." ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. अठरा वर्षांत या खोलीत कधी कुणी उभं राहून बोललं नव्हतं. तिने डोळे मिटले. केशरी उजेड आला. खाली गवत होतं आणि गवतात एक माणूस बसलेला, पाठमोरा, कानाला फोन लावून, ऐकत. तो दादा होता आणि तो बियाणंवालाही होता, आणि दवाखान्यातली खुर्चीत रेललेली बाईही होती. तिने श्वास घेतला. "हा सराव आहे," ती म्हणाली, अजून आपल्याच आवाजात. आणि मग तिच्या पोटातून, जिथून ती कधीच बोलली नव्हती तिथून, काहीतरी वर आलं आणि गळा ओरबाडत बाहेर पडलं.

"ऊठ! हातातलं टाक! टाक म्हणते ना! जनावरं सोड आणि वर पळ! पोती राहू देत! मागे फिरू नकोस! ऊठ!"

रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचं यंत्र उपटून काढलं होतं. दार उघडून साहेब आत आले. बाहेरपर्यंत ऐकू गेलं असावं, गाद्यांच्या भिंतींनी हात टेकले होते. "बाई, काय झालं? बरं नाही का?" रेकॉर्डिंग ऐकल्यावर ते कपाळ चोळत म्हणाले, "लोक घाबरतील हो. आणि ऊठ काय, टाक काय! शेतकऱ्यांना अरेतुरे? वयस्कर माणसं असतात."

"घाबरू देत, साहेब." तिचा गळा जळत होता. "घाबरून वर जाऊ देत. वर गेल्यावर मला काय शिव्या घालायच्या त्या घालू देत." मग तिने त्यांना त्या बाईचं सांगितलं. तीनदा ऐकलं ते, तीन पोती चढवली ते, चौथ्यासाठी खाली उतरले ते. साहेब टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होते. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक फिकट डाग. मग तो डाग म्हणाला, "चोपन्न टक्के." आणि टेबलावरून उठत, "सरावापुरतं जाऊ दे. पण शेवटी ते एक दाबायचं राहिलंय, ते नियमात आहे." रेकॉर्डिंगवाल्याने जुन्या निरोपाची शेपटी कापून जोडली. त्यामुळे त्या ओरडण्यामागून, काही झालंच नाही असा, तिचा मऊ आवाज यायचा: पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.

साडेपाचला फोन सुटले. ती काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याशेजारी बसली. समोरच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमलत होते, तिला ते ओल्या काचेतून दिसल्यासारखे दिसत होते, एकात एक मिसळलेले. "उचलतायत," तो सांगत होता. "उचलतायत." मग तो चघळायचा थांबला. "बाई, हे काय होतंय? निरोप संपला तरी फोन बंद होत नाहीयेत. एक पण फारसं कुणी दाबत नाही." साहेब मागे येऊन उभे राहिले. किती जणांनी दाबलं, त्यांनी विचारलं. "दोनशे एकोणीस," तो म्हणाला. "सगळ्या गावांचे मिळून. मागे हजारांनी होते." साहेब उसासा सोडून म्हणाले, "आवडलेला दिसत नाही लोकांना." रेकॉर्डिंगवाल्याने एक फोन निवडून त्याचा आवाज खोलीत सोडला. पलीकडे कुणी नव्हतं. कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. नळ वाहत होता, खाली भांडं भरून सांडत होतं. एक कोंबडी घरात शिरून आरामात कुरकुरत फिरत होती. त्याने दुसरा लावला. तिथे उघडं दार वाऱ्यावर आपटत होतं, आणि लांब, आणखी लांब जाणाऱ्या, जनावरांच्या गळ्यातल्या घंटा. तिसरा. चौथा. घरामागून घर, आणि एकातही माणूस नाही. लोकांनी हातातला फोनसुद्धा टाकला होता. तिघंही ती रिकामी घरं ऐकत बसले.

तिने आपल्या फोनवरून दादाला लावला. लागेना. "त्याचा नंबर बघ ना," ती रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली, आणि नंबर सांगताना दोनदा चुकली. तो सापडला. उचललेला होता, चालू होता. एक दाबलेलं नव्हतं. खोलीत दादाचं घर आलं. खिडकीची ती करकर तिच्या ओळखीची होती. बाकी काही नाही. ती वाकून घोरण्याचा आवाज येतो का ते ऐकू लागली. दादा घोरायचा, पण डोळा नुसता लागला असेल तर नाही घोरायचा. तो पलंगावर पडला असेल. आवाज ऐकून त्याला बरं वाटलं असेल. 'दादा,' ती म्हणाली, पण त्या यंत्रातून नुसतं ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. पाच मिनिटं गेली. सात. खिडकी करकरत राहिली. साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तिला तो दिसला नाही आणि कोपर लागून सांडला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर कुणाचा ते तिला वाचता येत नव्हतं.

"पुटपुट!" मागे हा गलका, माणसांचा, जनावरांचा. दादाला धाप लागली होती. "अगं, पाणी कुठंय? मी वर टेकाडावर उभा आहे, पाणी कुठं दिसत नाही! शेजाऱ्याचा फोन घेतलाय, माझा घरातच पडला. दाढी करत होतो मी! अर्ध्या तोंडाला साबण आहे! हातातलं टाक म्हणालीस, आरसा टाकला, फुटला. जनावरं सोडली तर ती माझ्याआधी वर पोचली. इथं निम्म्यांच्या पायात चपला नाहीत आणि सगळे तुझ्या नावाने बोटं मोडतायत. सराव आहे म्हणाली होतीस ना? ते मला इथं आल्यावर आठवलं."

तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून औषध की काय ते गळत होतं. ती हो म्हणाली. निदान म्हणायला गेली. गळ्यातून नुसता खरवडल्यासारखा आवाज निघाला.

"कोण बोलतंय?" दादाने विचारलं. "मोठ्याने बोल. पुन्हा सांग."

"मीच आहे, दादा," ती म्हणाली. घोगरा, फाटका, पाच पावलांवरही न पोचणारा आवाज होता तो, आणि तिला तो ओळखीचा होता. पलीकडे दादा गप्प झाला. त्याच्या मागे एक गाय हंबरली, कुणीतरी कुणाला तरी हसलं.

"जनावरं आता वरच बांधतो आठवडाभर," तो शेवटी म्हणाला. "मीही इथंच टाकतो पथारी. तू काळजी करू नकोस."

"बरं."

"आणि घरी गेल्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, पुटपुट. आजच कर. आईने केल्या नव्हत्या."